आनंदराजच्या आवाजातलं ‘हाव’

आनंदराज आणि मी लातूरला एका खोलीत राहतो. दोघंही तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, म्हणजे शिकवलं तर पगार, सुट्टी लागली तर बोंबला. आनंदराजचे तर आणखी हाल. अर्धा आठवडा नांदेडला, अर्धा इथं, आणि मधला सगळा जीव एसटीत. खोलीवर आला की बूट न काढताच आडवा होतो.

त्याची पीएचडी फिरत्या प्रोग्रामवर आहे. हा प्रोग्राम एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर आपला आपण जातो आणि मालक पोचायच्या आत त्याचं काम तिथं मांडून ठेवतो. एसटीत चढण्याआधी आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना, तसं. तो त्यानं पहिल्यांदा लावला आईच्या फोनला. कोंडाबाई लोह्याजवळच्या खेड्यात एकट्या. लेक बसमध्ये असला की हमखास फोन करणार, आणि रेंज गेली की घाबरणार. म्हणून रेंज गेली की प्रोग्राम फोन धरून ठेवायचा, त्यांचं बोलणं साठवायचा आणि पुढच्या नेटवर्कवर आनंदराजच्या हवाली करायचा. फोन कट झालासा वाटू नये म्हणून मधूनमधून त्याच्याच आवाजात "हाव आई", म्हणजे हो आई, म्हणायचा. आमच्याकडं आईला नाही कोण म्हणतं?

साठवलेलं ऐकायचं तेवढं राहून जायचं. दमलेला माणूस, उद्या ऐकू म्हणायचा. मला राग यायचा, पण मी तरी माझ्या घरी कुठं रोज बोलतो?

परवा शनिवारी दुपारी तो झोपला होता. फोन वाजला, त्यानं पडल्या पडल्याच स्पीकरवर टाकला.

"आनंदा, कुठवर आलास? म्या सकाळधरनं फाट्यावर बसून हाय."

"कशाला गं आई?"

"आज डोळ्याचं ऑपरेशन न्हवं का. सोबत माणूस पाह्यजे मनलेत दवाखान्यात. मंगळवारी तुला इचारलं, शनवारी येतूस का. हाव मनलास की."

आनंदराज उठून बसला. मला त्याच्याकडं बघवेना.

"आई, त्यो मी न्हवतो. मशीन बोलली ती. माझा आवाज भरून ठिवलाय तिच्यात."

"मला कसं कळावं बाबा," कोंडाबाई म्हणाल्या. आवाजात रागसुद्धा नव्हता. "तू बी तसंच बोलतूस की. म्या काय बी सांगू, हाव आई, हाव आई."

मी उगाच घागर घेऊन पाण्याला गेलो. परत आलो तेव्हा दार उघडंच होतं, आणि तो बॅगसुद्धा न घेता स्टँडकडं गेला होता.