एकाच सहाणेवरचं चंदन

चंदनाचा वास आला की मावळातल्या माहेरचं अंगण डोळ्यांपुढं येतं. गावच्या पिराच्या उरुसाला लागणारं चंदन उगाळायचा मान आमच्या घराचा होता. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या वर्षी तळेगावचे मामा आले होते. आई एकाच सहाणेवर आधी भैरोबाचं, मग पिराचं गंध उगाळतेय हे पाहून ते चिडले. "पिराची सहाण वेगळी ठेव, नाहीतर हा मानच सोडून दे," म्हणाले. चंदन न्यायला आलेले दर्ग्याचे म्हातारे मुजावर ओसरीवर बसले होते. ते हसून म्हणाले, "आमचं सूफी सांगत्यात, असनारा येकलाच हाय, आपन समदी त्याचीच रूपं." मामा पुटपुटले, "बोलायला सोपं आहे." आईनं हात थांबवला नाही. उगाळून झाल्यावर दोन्ही वाट्या तिनं मामांपुढं धरल्या. "दादा, हुंगून सांग बरं, ह्यातलं पिराचं कंचं?" मामांनी दोन्ही हुंगल्या आणि हाताला लागली ती वाटी स्वतःच मुजावरांना नेऊन दिली. मधोमध खोलगट झालेली ती सहाण आता माझ्याकडे आहे. कुठल्या देवाची म्हणून कुणी विचारलं, तर मी ताठ मानेनं सांगते, "माझ्या आईची."