अर्धी बाटली

ऐका हो ऐका! पिंपरीतल्या समस्त आजारी मंडळींना आणि त्यांच्या खाटेभोवती गोळा होणाऱ्या नातेवाइकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की ज्याची लघवी तपासायची, त्याचीच बाटलीत गेली पाहिजे. हसलात? हसा. मीही पुष्कळ हसलो होतो.

पुण्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "हॉर्मोन व्यवस्थित आहे. मला शंका होती तो आजार नाही." मी तिथेच बायकोला, हौसाला, वाकून मुजरा केला. तिनं लाजून पदर तोंडाशी धरला.

तो आजार म्हणजे ॲडिसन्स डिसीज. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. ताप आला, धक्का बसला, की त्यांचा रस, म्हणजेच हॉर्मोन, शरीराला सावरतो. तो आटला की माणूस खचत जातो. हौसा वर्षभर खचत होती. उन्हात न जाता काळवंडली होती. भाताला मीठ लावण्याऐवजी मिठाला भात लावून खायची. मी तिला मिठागराची मालकीण म्हणायचो.

त्या काळी लघवीत उतरणारा हा रस मोजायचा म्हणजे दिवसरात्रीची सगळी लघवी एका मोठ्या बाटलीत जमवायची. ती पुण्याहून मुंबईला जायची. कुरुळीहून माझी मेहुणी ताना बहिणीच्या सेवेला आली होती, बाटली तिच्याच ताब्यात. मी ती धोतरात गुंडाळून गाडीत बसलो, तर शेजारचा म्हणाला, "मध का, राव?"

"अस्सल! मावळातला!"

तो भाव विचारू लागला, तेव्हा मात्र मी खिडकीबाहेर बघू लागलो.

रिपोर्टनंतर टॉनिक सुरू झालं. महिन्याभरात साधा ताप आला. उलट्या झाल्या, नाडी लागेना. पुण्याला नेलं. सलाइन लावलं. कॉर्टिसोन, म्हणजे तोच रस बाहेरून द्यायचा, ते इंजेक्शन धावपळ करून मिळवलं. दुपारी हौसा गेली.

डॉक्टर व्हरांड्यात आमच्याशेजारी बाकावर येऊन बसले. "आजार तोच होता. मग रिपोर्ट चांगला आला कसा? बाटली कुणी भरली?"

"आमीच," ताना म्हणाली. "आक्काला फारशी व्हतच नव्हती. बाटली अर्धीबी भरंना. दवाखान्याचं भांडं अर्धं कसं माघारी धाडायचं? मंग माझी घातली."

आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही. तिला दोष कसा देऊ? बहिणीला कमीपणा येऊ नये, एवढंच तिनं पाहिलं होतं.

म्हणून सांगतो, बाटली अर्धी भरली तर अर्धीच द्या. सांडली तर सांगा. माणूस दिवसेंदिवस खचतोय आणि कागद ठणठणीत म्हणतोय, तर पुन्हा तपासा म्हणा. लाजू नका. यंत्राला बाटलीतलं कळतं, बाटली कुणी भरली ते कळत नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. चष्मा काढून हळू म्हणाले, "रिपोर्ट खोटा नव्हता, बाई. पण मोजला गेला तो तुमचा रस."

ताना बाकावरून उठली. मग सगळा व्हरांडा वळून पाहील एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "माझ्यात येवढा चांगला रस व्हता, तर तवाच काढून आक्काला का न्हाई दिला वो, डाक्तर?"