लाल फीत हलवणारे बडेबाबू

समस्त वाचकांनी कृपया उभे राहावे. राज्यकारभाराच्या दृष्टीने अत्यंत गंभीर बाब जाहीर करतो आहे. मध्य भारत सरकारच्या इंदूरच्या एका कचेरीत एक गृहस्थ रोज सकाळी अकरा वाजता लाल फितीला फुंकर घालत असत. बसा आता.

हे आमचे बडेबाबू, म्हणजे हेड क्लार्क. टेबलावरच्या दिव्याला त्यांनी फायली बांधायच्या फितीचा वीतभर तुकडा टांगला होता. नाकाने हळू श्वास घ्यायचा, शीळ घालताना करतात तसे ओठ करायचे आणि फीत नुसती थरथरत राहील इतक्या सावकाश सोडायचा. "नाकाने दोन, ओठांनी चार. घाई नको भिया," असे स्वतःलाच इंदुरी थाटात 'भाऊ' म्हणून बजावायचे आणि मग दौत उघडायची. कोणी हसले तर म्हणत, "हसा, हसा! अख्ख्या मध्य भारतात लाल फीत हलवणारा मीच एकटा आहे."

वडील होळकरी दफ्तरात, हेही तिथेच चिकटले आणि पुढे मध्य भारताच्या दफ्तरात आले. तीस वर्षे कागदांच्या बस्त्यांची धूळ खाल्ली आणि तितकीच वर्षे विडी ओढली. छाती कामातून गेली. तुकोगंजातल्या डॉक्टरांनी सांगितले, "नवी फुप्फुसे मिळणार नाहीत, आहेत ती नीट वापरायला शिका." बडेबाबूंनी हा वरून आलेला हुकूम मानला. घरी उताणे पडून पोटावर जाडजूड रजिस्टर ठेवायचे. श्वास घेतला की रजिस्टर वर, सोडला की खाली.

"जन्मभर रजिस्टरं हातांनी उचलली, आता पोटाने उचलतो. प्रमोशनच समजा!"

शिकवण्याची हौस तर विचारू नका. एकदा सियागंजाच्या बाजारात पाठीवर पोते घेऊन धापा टाकणाऱ्या हमालाला त्यांनी भर रस्त्यात अडवले. "भैया, मुंह से फूंको, धीरे धीरे!" तो म्हणाला, "बाबूजी, पहले बोरी तो उतार लूं?"

तेव्हा सरकार काही महिने इंदूरला, काही महिने ग्वाल्हेरला असे. त्या वर्षी कचेरीची स्वारी ग्वाल्हेरला निघण्याच्या पंधरा दिवस आधी चहा-कचोरीचा समारंभ झाला. मी तिथलाच पंचविशीतला कारकून, नकलांसाठी प्रसिद्ध. बडेबाबूंची टोपी घातली, लाल फीत नाकासमोर धरली आणि अशी फुंकर मारली की खुर्चीसकट मागे कोसळलो. साहेबसुद्धा रुमालात तोंड खुपसून हसले. सगळ्यांत मोठ्याने हसले बडेबाबू. "वा भिया!" म्हणता म्हणता त्यांना खोकल्याची उबळ आली.

हा किस्सा मी अनेक बैठकांत रंगवला आहे आणि दर वेळी टाळ्यांपाशी थांबलो आहे. आता बडेबाबू नाहीत, मध्य भारत हे राज्यही नाही. आज पुढचे सांगतो.

दुसऱ्या दिवशी दिव्याला फीत नव्हती. अकरा वाजले, बडेबाबूंनी थेट दौत उघडली. दुपारी दम लागला की ते कपाटाआड जात आणि कोणाचे पाऊल वाजले की लगेच बाहेर येत. मला हे सगळे दिसत होते. माफी मागायची तर इतकी गाजलेली नक्कल चुकली असे कबूल करावे लागले असते. ते मला जमेना. मी त्यांच्या टेबलाजवळून जाताना उगाच कागद चाळत जाऊ लागलो.

आठवड्याभराने साहेबांनी आम्हा दोघांना वर बोलावले. फायली मी घेतल्या होत्या. जिन्याच्या वळणावर बडेबाबूंनी कठडा धरला. खांदे वर आले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा राखेसारखा झाला. ओठ मात्र घट्ट मिटलेले.

"बडेबाबू, फुंका ना! नाकाने दोन, ओठांनी चार..."

घाबरून बोललो खरा, पण सवयीने ते हुबेहूब त्यांच्याच आवाजात निघाले. तोच सूर, तेच हेल. माझे मलाच ऐकू आले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. ओठ उघडले, पुन्हा मिटले. मग जेवढा काही दम उरला होता तेवढा खर्चून ते ओरडले, "तोंड तिकडे कर रे भिया, मला श्वास घ्यायचाय!"