ताणा सरळच होता

माझ्या वडिलांचा उजवा डोळा तरुणपणीच गेला. शेजारच्या मागावरचा, आडवं सूत नेणारा धोटा उडाला आणि त्याचं लोखंडी टोक डोळ्यात बसलं. पुढचं सगळं त्यांनी डाव्या डोळ्यावर केलं. लग्न केलं, आम्हा तीन बहिणींना वाढवलं, अड्याळच्या घरात मागाचा खड्डा स्वतः खणला आणि त्या खड्ड्यात पाय सोडून जन्मभर लुगडी विणली.

एका डोळ्याच्या माणसाची एक अडचण मला फार उशिरा कळली. आपण एक डोळा झाकून दुसऱ्याची परीक्षा घेऊ शकतो. त्यांना ती सोय नव्हती. डोळा दाखवेल तेच खरं. म्हणून मागावरचं सूत वाकडं दिसायला लागलं तेव्हा त्यांनी सुतालाच दोष दिला.

आधी त्यांनी सूत ओवतात ती फणी बदलली. फणीचे दात वाकले असतील, म्हणून. फरक पडला नाही. मग ते मायच्या खळीवर आले. मागावर उभे धागे ताणतात तो ताणा, आणि तो तुटू नये म्हणून त्याला तांदळाची खळ लावतात. ते काम आमच्या घरी मायचं होतं. खळ पातळ झाली, म्हणून सूत ढिलं पडलं आणि मध्ये गोळा झालं, असं बाबांनी ठरवलं. चढवलेला ताणा काढून टाकला. मायने दुसरा केला. तोही काढला.

मी लाखनीला हायवेवर फॉल-पिकोचं दुकान चालवते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मायचा फोन आला.

"तुहे बाबा पुन्हा ताणा काढून राहिले. ये आन् तूच सांग त्याईले. माहं आयकत नाईत."

मी दुकान बंद करून गेले. बाबा मागावर अर्ध्या विणलेल्या लुगड्यापुढे बसले होते, मान खाली, नाक जवळजवळ सुताला टेकलेलं.

"पाह्य," ते म्हणाले, "मधात सूत कसं चिमलं. तुह्या मायनं खळीत निस्तं पाणी घातलं."

मी वाकून पाहिलं. एकूणएक धागा सरळ होता.

"सरळ आहे बाबा."

"तुले काय समजते वो? तू फॉल लाव."

माय चुलीपाशी होती, तिथूनच बोलली, "लगन झालं तवापासून हेच तांदूळ, हाच खळ शिजवाचा गंज. आताच पातळ झाली काय जी खळ?"

"हात म्हातारे झाले तुहे."

माय चुलीकडे वळली. तिच्या हातांबद्दल तिला कधी कोणी बोललं नव्हतं. पुढे बरेच दिवस तिने तो शब्द मनात ठेवला, हे मला माहीत आहे.

मी बाबांना माझ्याकडे बघायला सांगितलं आणि विचारलं, "मी कशी दिसते?"

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "नाकच दिसत नाई तुहं," म्हणाले आणि हसले. "तसं आधीही काई खास नवतं."

मला हसू आलं नाही. ज्या जागी ते बघत होते, ती जागाच त्यांना दिसत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना भंडाऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, आत उजेड पाडून पाहिलं आणि नागपूरला पाठवलं. भंडारा जिल्हा मोठा होता तेव्हाही नागपूरलाच जावं लागायचं, गोंदिया वेगळा झाल्यावरही नागपूरलाच. माय म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, चल.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या हातात एक कागद दिला. त्यावर उभ्या-आडव्या बारीक रेघांच्या चौकटी होत्या आणि मधोमध एक ठिपका.

"आजोबा, ठिपक्याकडे बघा. रेघा कशा दिसतात?"

बाबांनी कागद नाकाशी धरला, लांब धरला, तिरपा केला. मग एखाद्या शिकाऊ विणकराला सांगावं तसं म्हणाले, "याचा बी ताणा ढिला हाय."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मला आणि मायला कळलं. छापील कागदाला कोणी खळ लावत नाही. माय भिंतीकडच्या बाकावर बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. ती हळूच म्हणाली, "मंग माही खळ बरोबर होती."

बाबांनी कागद टेबलावर ठेवला.

डोळ्याच्या मागच्या बाजूला पडदा असतो. त्याच्या बरोबर मधोमध, जिथून आपण वाचतो, सुई ओवतो, माणूस ओळखतो, तिथे बाबांना छिद्र पडलं होतं. लवकर आले असते तर छिद्र लहान असतं, असं बाई म्हणाल्या. फणी आणि ताणे बदलण्यात गेलेला काळ त्यांना काय सांगायचा! मी एकच विचारलं, पुन्हा सूत दिसेल का? त्या म्हणाल्या, छिद्र बंद होईल अशी आशा आहे, नजर किती येईल ते आताच सांगता येणार नाही; काहीच केलं नाही तर आहे तेही कमी होत जाईल. बाबा म्हणाले, "करा."

ऑपरेशन डोळ्याभोवतीचा भाग बधिर करून झालं, म्हणजे ते जागे होते. आत सुईच्या सावल्या दिसत होत्या, त्यांनी नंतर सांगितलं, कोणी कुंचल्याने सूत विंचरावं तशा. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढून त्यात वायू भरला होता. वायूचा बुडबुडा वर चढतो. तो पडद्याला आतून दाबून राहावा म्हणून तोंड सतत जमिनीकडे हवं. बसताना, जेवताना, झोपतानाही. नुसती मान वाकवून चालणार नाही, चेहरा जमिनीला समांतर हवा, असं बाईंनी दोनदा बजावलं.

मी त्यांना लाखनीला माझ्या घरी आणलं, कारण तिथून नागपूरची गाडी लगेच मिळते. खाटेवर पालथं घातलं, कडेवरून तोंड खाली. ट्रक गेला की खाट हलायची आणि बाबा शिव्या द्यायचे. पाठ भरून आली, छाती दुखू लागली. दुसऱ्या दिवशीच म्हणाले, "मले माह्या खड्ड्यात बसवा."

मला ते खूळ वाटलं. माय म्हणाली, करून तर पाहू. तिला जागेचा अंदाज होता. अड्याळला नेऊन आम्ही त्यांना मागावर बसवलं. पाय खड्ड्यात, आणि विणलेलं कापड गुंडाळतात त्या समोरच्या लाकडावर उशी बांधून तिच्यावर कपाळ टेकवलं. चेहरा थेट खाली. डॉक्टरीणबाईंनी बघितला असता तर पसंत केला असता. डोळ्यावर पट्टी होती, आणि पुढ्यात तोच ताणा होता, ज्याच्यासाठी त्यांनी मायचे हात म्हातारे ठरवले होते. खळीचा वास येत असणार. माय शेजारी बसून त्यांना घास भरवायची.

गल्लीतला एक जुना विणकर बघायला आला. "काय गा, बायकोसमोर मान खाली? आखरी घातलीच म्हणा!"

बाबा उशीतूनच म्हणाले, "डाक्टरनं सांगतलं म्हून. नाई त काय!"

पट्टी निघाली, मान वर करायची परवानगी मिळाली, आणि वायू हळूहळू विरला. आधी नुसता धूसर उजेड. मग वरच्या बाजूने दिसू लागलं आणि खाली पाण्याची रेघ हलताना दिसायची. उन्हाळ्यात बोडीचं, गावच्या लहान तळ्याचं, पाणी उतरतं तशी ती रोज खाली जाते, असं ते सांगायचे. आम्ही सगळे ते पाणी आटायची वाट बघत होतो.

ते आटलं. नागपूरला तपासणी झाली. छिद्र बंद झालं होतं. ऑपरेशन यशस्वी, बाई म्हणाल्या, पण छिद्र फार दिवसांचं होतं. मधली नजर अशीच अंधूक राहील. बाबांना दार दिसत होतं, कडुलिंब दिसत होता, माणूस आल्याचं कळत होतं. कोण आलं ते आवाजावरून. तुटलेलं सूत शोधून गाठ मारणं तर सोडाच.

नागपूरहून परत आल्यावर ते चहाही न घेता मागावर बसले. लुगडं अर्धं विणलेलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि बराच वेळ बघत राहिले. मग मायला हाक मारली.

"सूत कसं हाय?"

"सरळ हाय," माय म्हणाली.

"समदं?"

"समदं."

"मंग काप."

मायने माझ्याकडे पाहिलं. तिने ब्लेड आणलं आणि फणीच्या अलीकडून काठापासून कापत गेली. ताण सुटला तसे धागे मागे जाऊन पडले.

"सरळ कापलं काय?" बाबांनी विचारलं.

"सरळच."

कडेवर अंगठा फिरवून तपासल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी कापड मागावरून उतरवलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी हात लावला नाही. मायच्या खांद्याला धरून ते खड्ड्यातून वर आले.