दादाची माळ

माझा मोठा भाऊ माळकरी. पूर्णेजवळच्या आमच्या गावात सप्ताहाचं पारायण त्याच्याच तोंडून व्हायचं. गेल्या वर्षी त्याची जीभ जड झाली. शब्द बोबडे, डोळ्यांखाली जांभळे डाग, पायांवर सूज. मी शाळामास्तर, दुसऱ्याबद्दल लगेच ठरवून मोकळा. म्हटलं, हा चोरून पितोय.

"भाऊजी, तुमी तरी नीट विचारा त्यायला," वहिनी म्हणाली. मी विचारलं नाही. सप्ताहाच्या पहिल्याच सकाळी देवळात, चार माणसांदेखत म्हणालो, "दादा, आधी माळ काढा, मग कितीबी प्या."

त्यानं वाद घातला नाही. त्याचं हेच मला सहन होत नाही. माळ काढून माझ्या हातात दिली आणि घरी गेला.

पुढं धाप लागायला लागली, लघवीला फेस यायला लागला. एका डॉक्टरनं गॅसच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं सुजेच्या, तिसरा म्हणाला वय झालं. आणि मी प्रत्येक वेळी, "आता तरी सोडा."

शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी जीभ बाहेर काढायला सांगितली. कडांवर दातांचे ठसे. सुईनं पोटाची थोडी चरबी काढून तपासली. मग समजावलं: हाडातल्या मगजातल्या काही पेशी बिघडलेलं प्रथिन तयार करतात. त्याची घडीच चुकते. चुकलेलं ते विरघळत नाही, तंतू होऊन साचत राहतं. मूत्रपिंडात, जिभेत, हृदयात. अवयव ताठरत जातो. इंजेक्शनांनी नवं साचणं थांबेल. हृदयातलं जुनं किती निघेल, सांगता येत नाही.

"दारूनं होतं का हे?"

"नाही."

दादा खिडकीबाहेर बघत बसला. शिव्या तरी द्यायच्या.

आता इंजेक्शनांना मीच नेतो. माळ खिशात असते. परवा एसटीत म्हणालो, "चुकलो मी. घाला ना आता."

"ज्यायच्यासमोर काढाय लावली," तो जड जिभेनं म्हणाला, "त्यायच्यासमोर घाल."

पुढचा सप्ताह लांब आहे. तोवर त्याच्या हृदयावर मला भरवसा नाही. म्हणून काल त्या चौघांच्या दारी गेलो, उद्या देवळात या म्हणायला. "कशाला यायचं देवळात?" प्रत्येकाचा तोच प्रश्न. प्रत्येक दारात सगळं पहिल्यापासून सांगितलं, माझ्या बोलण्यासकट.

चौथा ऐकून म्हणाला, "मास्तर, लय वाईट केलं तुमी. पण उद्या न्हाई जमायचं, फवारणी हाय."

"मग परवा," मी म्हणालो, आणि आधीच्या तिघांना परवाचं सांगायला उलटा फिरलो.