सडा थांबवावा की नाही

समोरचे सायकलवाले गणपतराव सातला शटर उचलतात, तेव्हा सूर्यसुद्धा आपलं घड्याळ जुळवून घेतो. मग दारात पाण्याचा सडा, आणि दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सायकलची सीट पुसणं. चाळीस वर्षं हेच, आणि गर्दी जत्रेची! माझं वह्या-पेनांचं दुकान मात्र दिवाळीपर्यंत तगेल की नाही, देव जाणे. म्हणून महिनाभर मीही सातला उघडलं, सडा घातला आणि इतक्या माश्या मारल्या की गल्लीतला माश्यांचा वंशच बुडाला. शेवटी विचारलं, "गणपतराव, यातल्या नेमक्या कशाने धंदा चालतो हो?"

तेच गोंधळले. "कुणास ठाऊक, भाऊ! एकेक सोडून बघायला हवं. पण तेवढी छाती कुणाची?"

आता माझीही पंचाईत झाली आहे. आज सडा थांबवला, तर उद्याच गिऱ्हाईक येणार होतं, असं जन्मभर वाटत राहील.