रिपोर्ट आधी, चिप नंतर

मी सिग्नल्सचा माणूस. बंदूक चालवली ती बहुतेक फायरिंग रेंजवर. बाकी सगळी नोकरी वायरलेस सेटसमोर गेली. लोक विचारतात, लढाईत काय केलंत? मी सांगतो, अंबरनाथला बसून प्रोग्रॅम लिहिला. लोक हसतात. हसू द्या.

नव्वदनंतरचा एक उन्हाळा. मी हवालदार होतो, असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरची भाषा, येत होती, म्हणून आनंदनगर एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीच्या शेडवर पाठवलं. युनिटमधले म्हणाले, चैन आहे बुवा, घराजवळ पोस्टिंग. चैन कसली डोंबलाची! वर पत्रा, आत सोल्डरिंगचा धूर.

काम असं होतं. पुढच्या पोस्टवरचा सेट संदेशाची आठ-आठ अक्षरं उचलायचा, त्या दिवसाच्या गुप्त किल्लीने सोळा फेऱ्या घुसळायचा आणि हवेत सोडायचा. आठ अक्षरांचा एक ब्लॉक. प्रोसेसर गरीब, त्यामुळे दोन ब्लॉकच्या मध्ये सेट नुसता गुणगुणत बसायचा. एका रिपोर्टला चार मिनिटं लागायची. सेट जितका वेळ हवेत, तितकं शत्रूला दिशा पकडणं सोपं. दिशा मिळाली की तोफा.

उत्तरेकडच्या अशाच एका पोस्टवर ऑपरेटर होता नायक दत्ताराम भोईर. बदलापूरच्या पलीकडच्या गावचा, ट्रेनिंगपासूनचा माझा दोस्त. सुट्टीवर आला तेव्हा सुकटीची पुडी घेऊन शेडवर आला. बेंचवरचा उघडा सेट बघत राहिला आणि जाताना म्हणाला, "मना जास्त येल हवेवर ठेवू नको रं." मी म्हटलं, एका मिनिटाच्या आत आणतो. शब्द दिला.

जोडीला कंपनीचा इंजिनीअर होता, तलरेजा. उल्हासनगर कॅम्प दोनचा. तिथल्या दुकानांतून हवी ती चिप उकरून आणायचा. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, काम मात्र चोख. ०८०० ते १८०० आम्ही दोघं. मी प्रत्येक इन्स्ट्रक्शनला घड्याळाचे किती ठोके लागतात ते पेन्सिलीने मांडायचो. बिट्सची अदलाबदल दर वेळी करण्याऐवजी उत्तरांचे तक्ते आधीच तयार करून चिपमध्ये ठेवले. तलरेजा म्हणाला, हवालदारसाब, तक्ता दोनशे छप्पनच्या हद्दीवरच बसवा. मग मेमरीतल्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग हलतच नाही, खालचा तेवढा बदला. सोळा फेऱ्या लूपमध्ये न ठेवता एकामागून एक सलग लिहून काढल्या. फेऱ्यांच्या किल्ल्या सकाळी एकदाच करून ठेवायच्या. नाकी नऊ आले, पण चार मिनिटांचे चौतीस सेकंद झाले.

आणि एक गोष्ट मी काढून टाकली. मूळ रचनेत मागच्या ब्लॉकचं उत्तर पुढच्यात मिसळायचं होतं. हवा खराब असली की एक ब्लॉक बिघडायचा आणि त्याच्यामुळे पुढचाही जायचा. दोन्ही पुन्हा पाठवा. मी म्हटलं, मिसळणं बंद. तलरेजा हो-ना करत होता. मी माझा हट्ट सोडला नाही. मेजरसाहेबांनी सही केली आणि चिपा वर गेल्या.

दोन महिन्यांनी शेडमध्ये चाचणीचे कागद चाळत होतो. तीन रिपोर्ट, सकाळ, दुपार, संध्याकाळ. फौजेचा रिपोर्ट ठरलेल्या नमुन्यातच सुरू होतो: कोणाला, कोणाकडून, कशाबद्दल. आम्हाला ते रक्तात भिनलेलं. पण सेटने घुसळून बाहेर काढलेल्या मजकुरातही तिन्ही कागदांच्या पहिल्या तीन ओळी अक्षरन् अक्षर सारख्या होत्या. मिसळणं मी बंद केलं होतं, म्हणून सारखी सुरुवात सारखीच बाहेर पडत होती. कॉलसाइन, म्हणजे पोस्टचं हवेतलं नाव, दर रिपोर्टला बदलायचं, पण या ओळी दुसऱ्या दिवसाची किल्ली लागेपर्यंत त्याच. ऐकणाऱ्या शत्रूला एक शब्दही कळायची गरज नव्हती. ही तीच पोस्ट, एवढं ओळखलं की दिवसातून तीनदा दिशा घ्यायला तो मोकळा.

तलरेजाने कागद पाहिले. "मी बोललो होतो," असं तो तेव्हाही म्हणाला नाही आणि नंतरही नाही. चार दिवसांत मिसळणं परत घातलं, सुरुवातीचा ब्लॉक दर वेळी नवा केला, आणि चिपा घेऊन मी स्वतः बेसवर गेलो. भोईरची चिप सकाळच्या रेशन पार्टीबरोबर वर चढली.

१२४० ला लाइनवर त्याचा फोन आला.

"चिप पोचली. बसवू?"

"वेळ किती?"

"सेट खोलाया लागंल. तेराशेचा रिपोर्ट चुकंल."

सायफरबद्दल लाइनवर बोलायला मनाई होती. बसव म्हणायला कारण सांगायची गरज नव्हती. तीन अक्षरी हुकूम पुरला असता. पण अख्ख्या नोकरीत मी एक रिपोर्ट चुकवला नव्हता, चुकवू दिला नव्हता. तोंडातून तेच निघालं.

"रिपोर्ट आधी, चिप नंतर."

"बरं," तो म्हणाला.

१३०० ला तो हवेत आला. चौतीस सेकंद. एकही ब्लॉक बिघडला नाही. १३०४ ला पोस्टवर गोळे पडले आणि लाइन गेली. १३३० ला लाइन जोडली गेली, तेव्हा पोस्टचे सुभेदारसाहेब बोलले. भोईर राहिला नव्हता. नवी चिप पाकिटात तशीच होती, धक्का न लागलेली.

चौकशीत लिहिलं गेलं, नेहमीचा गोळीबार. तिथे गोळे पडायचेच, हेही खरं. मेजरसाहेब म्हणाले, डोक्यात घेऊ नकोस. मी घेतलं. अजून आहे.

सुट्टी मिळाल्यावर त्याच्या गावी गेलो. वडील, महादूबाबा, कुंपणाच्या काठ्या बांधत होते. परवानगी होती तेवढं सांगितलं, आणि नव्हती तेही थोडं सांगितलं. फोनवर मी काय म्हणालो, ते शब्द तसेच सांगितले. त्यांनी सुतळीची गाठ ओढून घट्ट केली.

"तुमी सांगलात, नि त्यानं आइकलं?"

"हो."

"घरात कोनाचं आइकत नव्हता त्यो," ते म्हणाले आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मला पाणी पिववेना.

पुढच्या बॅचच्या चिपेत कोड संपल्यावर थोडी जागा उरत होती. तिथे प्रोग्रॅम कधी पोचत नाही. ती रिकामी सोडायची पद्धत. मी तिथे इंग्रजीत त्याचं नाव घातलं: डी, एम, एक मोकळी जागा, मग भोईर. बरोबर आठ अक्षरं, एक ब्लॉक. तलरेजाने कोडच्या यादीत ते पाहिलं आणि चिपा भरल्या. किती पोस्टवर त्या गेल्या, ते मला सांगता येणार नाही. पुढे ते सेट भंगारात निघाले.

त्या ब्लॉकवर मी कुठलीही किल्ली फिरवली नव्हती. चिप उघडणाऱ्या कोणालाही वाचता यावं, म्हणून. नायक दत्ताराम महादू भोईर, सिग्नल्स.